स्वयंपाकघरावर एक उजेडाचा पत्रा

घर बांधायचं ठरलं की आपल्याकडे बैठक भरते ती ओसरीवर. सासरे, दीर, नवरा, गवंडी आणि लोखंडाच्या दुकानात ओळख असलेला कुणीतरी. आत चहा उकळत असतो. पाया किती फूट खणायचा, दार कुठल्या तोंडाला ठेवायचं, उंबऱ्याला लाकूड की फरशी, सगळं बोलून होतं. मग शेवटचा प्रश्न येतो, वर काय टाकायचं? स्लॅबचा हिशेब होतो, दोन मिनिटं सगळे गप्प बसतात आणि कुणीतरी म्हणतं, 'सध्या पत्रे टाकू, पुढंमागं पाहू.' हे पुढंमागं मग वीस-वीस वर्षं येत नाही. त्या पत्र्याखाली सुना येतात, बाळंतपणं होतात, मुलं दहावीला बसतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, मैत्रिणींनो, की त्या छपराखाली दिवसाचे सगळ्यात जास्त तास कोण काढतं, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. पुरुष शेतात, मोंढ्यात, नाहीतर पारावर. भर दुपारी पत्र्याखाली असते ती बाई, तिची लहान लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. मग त्या छपराचा निर्णय घेताना तिला विचारायला काय हरकत आहे? आणि विचारलं तर तिनं काय सांगावं, त्यासाठी हा लेख.

गंमत पाहा. जालना म्हणजे सळयांचं गाव. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या मिल्समधून निघालेली सळई राज्यभरातल्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. आणि भोकरदन, मंठा, घनसावंगीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्रेच पत्रे चमकतात. ते असू द्या, पैशाचं सोंग आणता येत नाही. पण त्याच मिल्सची शेड कधी नीट पाहिलीत? जिनिंगची शेड, गोदामं? ओळीनं लोखंडी पत्रे आणि मध्येच एखादा पांढुरका किंवा हिरवट पत्रा. त्यातून खाली दुधासारखा उजेड पडतो. तो फायबरचा पत्रा. तिथं कापूस दिसावा, मशीन दिसावी, दिवसा दिवे जाळायला लागू नयेत, म्हणून मालकानं तो आठवणीनं बसवलेला असतो. सरकीवर उजेड पडावा एवढी काळजी असते, आणि भाकरीवर नको?

आता ही वस्तू आहे तरी काय ते आधी सांगते, कारण दुकानदार 'फायबर' या एका शब्दावर चार वेगळ्या वस्तू विकतात. खरा फायबरचा पत्रा म्हणजे काचेचे बारीक धागे आणि पॉलिएस्टर जातीचं राळेसारखं रसायन. काचेच्या धाग्यांचा पातळ थर त्या रसायनात भिजवतात, साच्यावर पन्हळीचा आकार देतात आणि सुकवतात. भिंतीला गिलावा टिकावा म्हणून मातीत भुसा कालवतो ना, तसंच. धागा बळ देतो, रसायन धरून ठेवतं. म्हणून तो हलका असतो, गंजत नाही आणि उजेड आत सोडतो. उन्हाकडे धरला की आत केसासारखे धागे दिसतात. ते दिसले नाहीत आणि पत्रा काचेसारखा आरपार असला, तर ती दुसरी वस्तू, बहुधा पॉलिकार्बोनेट. ते वाईट नाही. मार सोसण्यात उलट जास्त चांगलं, पण महाग. आणि अगदी पातळ, वाकवला की कागदासारखा वाजणारा प्लॅस्टिकचा पत्रा असतो, तो दोन उन्हाळ्यांत तडकतो. तो फायबर म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ परत करा. फायबरच्या पत्र्याला भारतीय मानकही आहे, आय. एस. १२८६६. दुकानात हा आकडा नुसता उच्चारला तरी समोरचा माणूस जरा नीट बोलायला लागतो!

आपल्या आजीच्या घरात हा पत्रा नव्हता, पण त्याचं काम करणारी गोष्ट होती. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात थर. उन्हाळ्यात आत गेलं की माठात शिरल्यासारखं वाटायचं. त्या माळवदाला मध्ये एक भोक ठेवलेलं असे, साणं. त्यातून धूर वर जाई आणि उन्हाची एक तिरीप खाली येई. पाऊस आला की वर जाऊन त्यावर काहीतरी झाकायचं, उघडला की काढायचं. साण्यातली तिरीप कुठं सरकली यावरून बायका वेळ ओळखायच्या. माळवद तर बायकांचंच असे म्हणा ना. कुरडया, पापड, सांडगे तिथं वाळायचे. रात्री तिथंच अंथरुणं पडायची आणि सासूच्या कानावर जाऊ नये अशा गोष्टीही तिथंच व्हायच्या.

माळवद गेलं ते काही कुणाच्या लहरीनं नाही. लाकूड महागलं. दर पावसाळ्याआधी वर माती टाकून बडवायला माणसं मिळेनात. आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट झाली. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं गेली. दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरचं ते मातीचं ओझं, त्याखालीच गेली. त्यानंतर साऱ्या मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची भीती बसली. हलकं छप्पर बरं, पडलं तरी जीव वाचेल, असं लोक म्हणू लागले आणि ते खरंही आहे. जुनं ते सोनं म्हणत माळवदाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण पत्रा आला तेव्हा साणं गेलं, आणि त्याच्या जागी कुणी काही दिलं नाही. चहूबाजूंनी बंद भिंत, वर लोखंड आणि मागच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर. तिथं शेजारच्या घराची भिंत चिकटलेली, त्यामुळे खिडकीही नाही. भर दुपारी बारा वाजता दिवा लावून भाजी निवडायची. २००५ नंतरच्या त्या भारनियमनाच्या वर्षांत आपल्यापैकी कितीजणींनी दिवसा चिमणी लावून स्वयंपाक केलाय ते आठवा. आता वीज तेवढी जात नाही, पण अंधार आहेच. तांदळातला खडा दिसत नाही. गोवऱ्यांच्या ढिगातला विंचू दिसत नाही. विंचवाचं मी उगाच सांगत नाही. आपल्या भागात पावसाळ्याच्या तोंडाला सरपणात हात घालताना बाईला विंचू चावतो, तो अंधारामुळेच. गॅस आला तरी पाणी तापवायला चूल आहेच आणि सरपणही आहेच.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी मंठ्याकडे घर बांधताना हट्टानं स्वयंपाकघरावर एक आणि न्हाणीवर एक असे दोन फायबरचे पत्रे टाकून घेतले. दीर म्हणाले, 'वहिनी, कारखाना काढायलात का?' आता तेच दीर दाढी करायला स्वयंपाकघरात येऊन बसतात. वहिनी म्हणतात, 'ताई, पहिल्यांदा मला माझ्याच डब्यांचे रंग दिसले.' न्हाणीचं तर बोलायलाच नको. बहुतेक घरांत न्हाणी म्हणजे अंधारकोठडी. शेवाळ दिसत नाही, पाय घसरतो. मासिक पाळीच्या दिवसांत, बाळंतपणानंतर उजेडात अंघोळ करता येणं ही काही चैन नव्हे. 'वरून दिसेल' अशी भीती बायका बोलून दाखवतात. आरपार दिसणारा पत्रा घेऊच नका. दुधी रंगाचा घ्या. त्यातून उजेड येतो, आकार दिसत नाहीत. मात्र रात्री आत दिवा असला की सावली दिसू शकते, म्हणून न्हाणीत तो अगदी डोक्यावर न घेता कडेला घ्यावा.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग सगळंच घर फायबरचं करू या. नाही हो! तिथंच खरी गोम आहे. उजेडाबरोबर ऊनही आत येतं. सगळं छप्पर फायबरचं केलं तर घर नव्हे, रोपवाटिका होईल. दहा-बारा पत्र्यांच्या छपराला एक पुरे. तोही मावळतीच्या उताराला नको, तिथं दुपारनंतरचं ऊन थेट घुसतं. उगवतीकडे किंवा उत्तरेकडे असावा. आणि मे महिन्यात सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो, तेव्हा बाजू कुठलीही असली तरी चटका बसतोच. म्हणून ज्या जागी तुम्ही पोळ्या लाटायला बसता, बाळाचा पाळणा टांगता, त्याच्या नेमका वर तो नसावा, दोन हात बाजूला असावा. चैत्र लागला की त्यावर शेडनेटचा एक तुकडा बांधून टाकायचा आणि मृगाला काढायचा. जाफराबादकडे बियाण्याच्या प्लॉटवर ही हिरवी जाळी पाहिजे तेवढी पाहायला मिळते, जुना तुकडाही चालतो. साण्यावर झाकण ठेवायची आपली जुनी सवय, तीच ही.

खरा शत्रू मात्र बाकीचे लोखंडी पत्रे. पन्हळीचा पत्रा काढला तो हेन्री पामर नावाच्या एका इंजिनिअरनं, १८२९ साली, लंडनमध्ये. तो गोदीच्या कंपनीत कामाला होता आणि पत्रा वापरला गेला तो गोदीतल्या शेडसाठी. म्हणजे ही वस्तू जन्माला आली मालासाठी, आणि तीही थंड देशात. ती आपण जालन्याच्या उन्हात, पारा चाळीसच्या पुढं जातो तिथं, बाळंतिणीच्या डोक्यावर ठेवली. दुपारी पत्र्याला खालून हात लावून पाहा, पोळतो. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. लेकरांना घामोळ्या, म्हाताऱ्यांना चक्कर, गरोदर बाईला तर जीव नकोसा. आणि 'अंगात नुसती कणकण आहे' म्हणून ती संध्याकाळी पुन्हा चुलीपुढं बसते.

यावर उपाय आहेत आणि ते बायकांनीच करून दाखवलेत. अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यात उष्णतेनं शेकड्यांनी माणसं दगावली. त्यानंतर तिथं २०१३ पासून उष्णतेच्या दिवसांसाठी महापालिकेची कृती योजना सुरू झाली. तिथल्याच महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांमधल्या बायकांना हाताशी धरून छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग लावायला घेतला. तेलंगणानं तर २०२३ मध्ये गार छपरांचं सरकारी धोरणच काढलं. पांढरा पत्रा कमी तापतो, एवढं साधं आहे ते. रंग परवडत नसेल तर चुन्याचा हात द्या, पाऊस तो धुऊन नेतो, पण उन्हाळा तरी निघतो. दोडक्याचा, कारल्याचा वेल वर चढवा, भाजीही होते. आणि घर बांधतानाच वळचणीखाली, भिंतीच्या अगदी वरच्या टोकाला समोरासमोर दोन झरोके सोडायला सांगा. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला वाट हवी. झरोक्याला पैसा लागत नाही, दोन विटा कमीच लागतात.

कुणी म्हणेल, लोखंडी नको तर सिमेंटचा टाकू, तो कमी तापतो. खरं आहे, कमी तापतो. पण आपल्याकडे सिमेंटचा पत्रा म्हणतात त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. त्याची तंतूंसारखी धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे. साठाहून जास्त देशांनी ते बंद केलं, युरोपातल्या देशांनी २००५ पासून. आपल्याकडे पत्र्यात ते अजून चालतं. आधीच घरावर असेल तर घाबरून तोडाफोड करू नका. धक्का न लावलेला पत्रा तेवढा धोकादायक नसतो. पण तो कापणं, कोरडाच घासणं, फुटलेल्या तुकड्यांवर लेकरांना खेळू देणं, फुटका तुकडा चुलीमागं आडोशाला लावणं हे बंद करा. नवीन घराला मात्र तो नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायबरचेही अवगुण सांगितले पाहिजेत, नाहीतर दुकानदाराची जाहिरात आणि माझा लेख यात फरक काय? तो पेटतो. म्हणून चुलीच्या, धुराड्याच्या अगदी वर कधीच नको. उन्हानं तो हळूहळू पिवळा पडतो. वरचा गुळगुळीत थर गेला की काचेचे धागे उघडे पडतात, त्यात धूळ बसते आणि उजेड निम्मा होतो. दिवाळीच्या साफसफाईत त्याला राख किंवा तारेची घासणी लावू नका. ओल्या फडक्यानं, साबणाच्या पाण्यानं पुसा. मिस्त्री तो कापेल तेव्हा पिठाचे डबे, पाण्याचे हंडे झाकून ठेवा आणि लेकरांना लांब न्या. तो बारीक चुरा अंगाला खाजवतो आणि डोळ्यांत गेला तर वाईट. मिस्त्रीलाही नाकातोंडाला रुमाल बांधायला सांगा. तो हसेल, सांगा तरी.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे पाय पडणं. लोखंडी पत्र्यावर सांभाळून चालता येतं, फायबरवर नाही. जुना झालेला फायबरचा पत्रा धुळीनं माखून शेजारच्या पत्र्यासारखाच दिसतो आणि पतंग काढायला चढलेला पोरगा त्यातून थेट खाली येतो. म्हणून तो कुठं आहे त्याची खूण म्हणून बाजूच्या पत्र्यांना रंगाचा पट्टा ओढून ठेवा. खालून आडव्या पाइपांना जाळी बांधून घेतली तर फारच उत्तम. आपल्याकडची वानरं काही पट्टा वाचत नाहीत, तेव्हा जाळी हवीच.

गारांचंही पाहायला हवं. फेब्रुवारी २०१८ मध्ये जालना, मंठा, जाफराबाद भागात झालेली गारपीट कुणी विसरलेलं नसेल. मोसंबीच्या बागा, उभा गहू, हरभरा झोपला. तशा गारेनं लोखंडी पत्र्याला पोचे पडतात, फायबर जुना असेल तर भोकच पडतं. म्हणून पातळ पत्र्यावर दहा-वीस रुपये वाचवू नका, जाडीचा घ्या. बसवताना त्याच्या पन्हळी बाजूच्या लोखंडी पत्र्याच्या पन्हळीशी जुळल्या पाहिजेत, म्हणून लोखंडी पत्र्याचा छोटा तुकडा दुकानात सोबत न्या. ब्लाउज पीस मॅचिंगला नेतो तसा! भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, नाहीतर तिथूनच गळणार. आणि भोक बोल्टापेक्षा किंचित मोठं, रबराचा वायसर लावून. कारण उन्हात पत्रा फुगतो. घट्ट आवळला की पहिल्याच उन्हाळ्यात भोकापासून तडा जातो.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे घरकुलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यात सुमारे वीस लाख घरकुलांची मंजुरीपत्रं वाटली गेली. आपल्या जिल्ह्यातही गावोगावी पाये खणलेले दिसले. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाटीवरच्या घराला एक लाख वीस हजार रुपये मिळतात आणि घर किमान २६९ चौरस फुटांचं हवं. आणि एक गोष्ट आपण विसरतो, हे घर बाईच्या एकटीच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर मंजूर होतं, थोडे अपवाद सोडले तर. म्हणजे कागदावर मालकीण तुम्ही. तेवढ्या पैशात स्लॅब कुणाला जमेल, कुणाला नाही. नाही जमलं तर पत्रे येतील, आणि त्यांची यादी मिस्त्री आणि घरातला पुरुष मिळून करतील.

ती यादी दुकानात जायच्या आधी मागून घ्या. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी मिस्त्रीला सरळ विचारलं, 'भाऊ, यात उजेडाचा पत्रा कुठंय?' तो म्हणाला, 'मालकांनी सांगितला नाही.' मावशी म्हणाल्या, 'घराच्या कागदावर अंगठा कुणाचा हाय, ते बघ एकदा.' पत्रा आला. दहा फुटी, दुधी रंगाचा. बसवायच्या दिवशी मावशी सकाळीच परातीत पीठ घेऊन उघड्या स्वयंपाकघरात बसल्या आणि मिस्त्रीला वर बघून सांगत राहिल्या, 'अजून थोडा डावीकडं. माझ्या डोक्यावर नको, परातीवर पाड.'